बटण दाबल्यावर बोलणारी वैमानिक

त्या आठवड्यात कुवेतमधल्या मंगफच्या दुकानांतून रुंद चिकटपट्टी संपली होती. २००३ सालची सुरुवात. सीमेपलीकडे इराकमध्ये युद्ध होणार हे सगळे धरून चालले होते. कधी, एवढंच कोणी सांगत नव्हतं. विषारी वायूचा हल्ला झालाच तर, म्हणून वर्तमानपत्रांत सूचना यायच्या: घरातली एक खोली निवडा, खिडक्यांना प्लास्टिक लावा, फटी बुजवा, पाणी भरून ठेवा, टॉवेल ओले करून हाताशी ठेवा. मी सरकारी इस्पितळात वॉर्डची इन्चार्ज नर्स. सूचना वाचायच्या, त्यांची यादी करायची आणि एकेक बाब खोडत जायचं, हे माझं रोजचंच काम. त्यामुळे चिकटपट्टी आमच्याकडे आधीच येऊन पडली होती.

खोली बंद करायला तळमजल्यावरचा फिटर आला होता. गुहागरकडचा माणूस, बायकामुलं गावी, इथे चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. शुक्रवारी मासे घेऊन आमच्याकडे यायचा आणि जेवून जायचा. त्याने आणि माझ्या नवऱ्याने मिळून आतली छोटी खोली इतकी नीट बंद केली की पाहत राहावं. खिडकी, एसीची चौकट, स्विचबोर्डाच्या कडा, आणि शेवटी दार. दाराच्या चारही बाजूंनी पट्टी ओढून दोघे मागे सरले.

"वैनी, मुंगी जायची नाय आत," फिटर म्हणाला.

"मुंगीचं सोडा. आम्ही कसे जायचे?"

दोघांनी दाराकडे पाहिलं. पट्टी बाहेरून लावली होती.

"अरे तिच्या," नवरा म्हणाला. तो तेलाच्या प्लान्टवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. दिवसभर गळती शोधणारा माणूस. मी हसले, पण फार नाही. त्या दिवसांत आम्ही सगळे जरा असेच झालो होतो. हात चालायचे, डोकं दुसरीकडे असायचं.

त्याच संध्याकाळी मुलीने शाळेतून आलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

आमची मुलगी रुमैथियाच्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत पाचवीत होती. नवऱ्याच्या कंपनीचा करार अमेरिकन असल्यामुळे फीचा मोठा भाग कंपनी भरायची; नाहीतर तिथे घालणं आम्हाला परवडलं नसतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की पाचवीचे वर्ग 'जिवंत संग्रहालय' भरवणार आहेत. प्रत्येक मुलाने विसाव्या शतकातली एक नामांकित अमेरिकन व्यक्ती व्हायचं. तसा वेश करायचा आणि शाळेच्या जिममध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं. पायापुढे लाल पुठ्ठ्याचं गोल बटण चिकटवलेलं असणार. पाहुण्याने त्यावर पाय ठेवला की पुतळ्याने जिवंत व्हायचं, 'मी अमुक' म्हणून आपली हकीकत सांगायची आणि पुन्हा दगड व्हायचं. बटण दाबल्याशिवाय हलायचं नाही, हा मुख्य नियम. त्याच्याखाली जाड रेघ ओढली होती.

"तू कोण?" मी विचारलं. माझ्या हातात पेन होतं. वेशासाठी काय काय लागेल ते लिहायचं होतं.

"पायलट. पॅसिफिकवर प्लेन घेऊन गेली ना, ती. नेव्हर फाउंड."

मी पेन खाली ठेवलं.

बाई कोण ते मला अंधुक आठवत होतं. जगाची प्रदक्षिणा करायला निघालेली अमेरिकन वैमानिक, जी प्रशांत महासागरावर विमानासकट नाहीशी झाली आणि कधीच सापडली नाही. एरवी मी म्हटलं असतं, छान, चामड्याची टोपी आणि गॉगल आणू. पण त्याच आठवड्यात आम्ही मुलीला आमच्याशिवाय विमानात बसवून भारतात पाठवायचं ठरवत होतो, आणि तिला ते अजून सांगितलं नव्हतं.

इस्पितळाने आमची सगळ्यांची रजा बंद केली होती. नवऱ्याच्या प्लान्टवरूनही माणसं सोडत नव्हते. पण फिटरचं कंत्राट संपत आलं होतं आणि त्याचं मुंबईचं तिकीट गुरुवारचं होतं. नवऱ्याने त्याच विमानात मुलीसाठी जागा धरून ठेवली. मुंबईहून फिटर तिला चिपळूणला माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे पोचवणार होता. सगळं नीट बसत होतं. संमतिपत्र, लसींचे कागद, गरम कपडे नकोत, उन्हाळी हवेत, हे सगळं मी लिहून काढलं होतं. संग्रहालय बुधवारी होतं.

मी तिला म्हटलं, "दुसरं कोणी घे ना."

मग आम्ही वर्गाची यादी पाहिली. उघड्या गाडीतून जाताना गोळी लागलेला तरुण राष्ट्राध्यक्ष. स्वप्नाचं भाषण करणारा पाद्री, त्यालाही गोळी. कपाळावर केसांचा झुबका असलेला गायक, जो आपल्याच घरातल्या न्हाणीघरात मेला. पांढऱ्या झग्यातली नटी, झोपेच्या गोळ्या.

"यांच्यात कोणी म्हातारं होऊन अंथरुणात मेलं की नाही?" नवरा आतून ओरडला. तो सगळं ऐकत होता.

मुलगी विचारात पडली. "बसमधली बाई," ती म्हणाली. "गोऱ्या माणसाला सीट दिली नाही, ती. शी इज स्टिल अलाइव्ह, बाबा."

"मग तीच हो!"

"ती घेतली. माझ्या लेबनीज फ्रेंडने."

चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस टेक्सासच्या एका मुलाकडे होता. दोन दिवसांनी ते नाव मोकळं झालं. अमेरिकन कुटुंबं जायला लागली होती. रोज वर्गात एखादं बाक रिकामं दिसायचं आणि त्या बाकावरच्या मुलाने घेतलेली व्यक्ती अनाथ व्हायची. बाईंनी ती नावं उरलेल्यांना वाटायला सुरुवात केली. अशा रीतीने राष्ट्राध्यक्ष एका कुवेती मुलाकडे गेला, गायक एका इजिप्शियन मुलाकडे आणि चंद्रावरचा माणूस कोणी घेईल का, असं बाईंनी विचारलं.

"तोच हो," मी म्हटलं. "तो गेला आणि परत आला. अजून हयात आहे. चांदीच्या कागदाचा वेश मी एका दुपारी करून देते."

"आई, आय हॅव माय पायलट."

"पण ती हरवते गं."

"म्हणून तर लोकांना ती आठवते."

"आणि चंद्रावरचा नाही आठवत?"

"त्याला सगळे ओळखतात. त्याला माझी गरज नाही."

मी चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाची टोपी शिवली. गॉगल फिटरने वेल्डिंगवाल्यांकडून आणला. काचा गडद होत्या, म्हणून त्याने त्या काढून साध्या बसवल्या. "पायलटबाई, रस्ता दिसायला नको?" तो तिला म्हणाला. ती त्याला काका म्हणायची आणि त्याच्याशी मराठीतच बोलायची, कारण तिचं इंग्रजी ऐकलं की तो 'येस सर' म्हणून सलाम ठोकायचा.

मंगळवारी मी तिला सांगितलं की परवा काकाबरोबर चिपळूणला जायचं आहे. ती भाषण पाठ करत होती. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. "ओके," म्हणाली आणि पुन्हा भाषणाला लागली. मला ते बरं वाटलं नाही. वॉर्डात मी पाहिलं आहे, फार लवकर 'ओके' म्हणणारा पेशंट नीट ऐकत नसतो, किंवा फार नीट ऐकत असतो.

बुधवारी मी सकाळची ड्यूटी एका मैत्रिणीशी बदलली आणि टॅक्सी करून रुमैथियाला गेले. हायवेवर अमेरिकन लष्करी ट्रकांची रांग उत्तरेकडे चालली होती. वाळूच्या रंगाचे ट्रक, त्यांवर ताडपत्र्या, मागच्या बाजूला बसलेली विशीतली पोरं. टॅक्सीवाला पठाण त्यांना हात करत होता. एकाने उलट हात केला.

त्या सकाळी सायरनची चाचणी होणार हे वर्तमानपत्रात आलं होतं. मी ते वाचलं होतं. वॉर्डच्या फळ्यावर स्वतः लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं तेव्हा ते माहीत असण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

जिममध्ये विसावं शतक भिंतीलगत उभं होतं. पुठ्ठ्याच्या उघड्या मोटारीत कुवेती मुलगा हात हलवता हलवता थिजला होता. इजिप्शियन मुलाच्या केसांना बहुतेक घरातलं सगळं जेल लावलं होतं. कपाळावरचा झुबका तुटून पडेल इतका कडक होता. त्याच्या हातात गिटार आणि पायात अंगठ्यापाशी फाटलेला बूट. लेबनीज मुलगी बसच्या खुर्चीत ताठ बसली होती आणि तिची आई समोर उभी राहून तिला खुणेने सांगत होती, हनुवटी वर, हनुवटी वर. चंद्राच्या जागी नुसता पुठ्ठ्याचा गोल आणि झेंडा होता, माणूस नव्हता. शेवटपर्यंत तो कोणी घेतला नाही.

आमची मुलगी कोपऱ्यात. मागे तिने निळ्या कागदाचा समुद्र लावला होता आणि त्यात एक बारीक बेट. गॉगल कपाळावर, एक हात डोळ्यांवर आडवा धरलेला, नजर वर. मी मुद्दाम तिच्याकडे शेवटी जाणार होते. आधी राष्ट्राध्यक्षाचं बटण दाबलं. त्याने आपण चंद्रावर माणूस पाठवायचं ठरवलं, असं सांगितलं आणि मरणाबद्दल एक वाक्य अगदी भरभर म्हणून टाकलं, जसं मुलं गणितातलं न येणारं उदाहरण उरकतात.

मग सायरन झाला.

चाचणीचा सायरन खऱ्यापेक्षा वेगळा नसतो. तोच आवाज, तीच चढउतार. जिमच्या पत्र्यामुळे तो आतच भरून राहिला. वर्तमानपत्र न वाचलेले पालक आधी एकमेकांकडे पाहायला लागले, मग धावले. कोणी अरबीत मुलाचं नाव ओरडत होतं. राष्ट्राध्यक्ष मोटार मोडून बाहेर आला. गायक रडायला लागला आणि त्याची आई त्याला गिटारीसकट उचलून दाराकडे निघाली. बाई सांगत होत्या, टेस्ट आहे, टेस्ट आहे, पण त्यांचा स्वतःचा आवाज चिरकत होता. मला माहीत होतं. तरी मी माणसांना ढकलत निघाले. मी भिंतीला धरून मुलीपर्यंत गेले.

ती हलली नव्हती. हात डोळ्यांवर, नजर वर. हनुवटी थरथरत होती.

"चल," मी म्हटलं. "चाचणी आहे, पण चल. बाहेर जाऊ."

ती हलेना. मी तिचा दंड धरला. लाकडासारखा होता.

"अगं, चल ना."

ओठ न हलवता ती म्हणाली, "बटण."

मी बटणावर पाय ठेवला.

आणि तिने सगळं भाषण म्हटलं. सायरन चालू असताना, एक शब्द न गाळता, इंग्रजीत. लहानपणी पहिलं विमान पाहिलं तेव्हा मला ते काही आवडलं नव्हतं. मग उडायला शिकले. अटलांटिक एकटीने ओलांडला. शेवटच्या प्रवासात मी एकटी नव्हते, माझ्याबरोबर वाट दाखवणारा एक माणूस होता. आम्हाला एका छोट्या बेटावर उतरायचं होतं. बेटापाशी आमच्यासाठी एक जहाज थांबलं होतं. जहाजावरच्या लोकांना रेडिओवर माझा आवाज येत होता. मला त्यांचा येत नव्हता.

हे म्हणून ती पुन्हा पुतळा झाली. सायरन उतरत गेला आणि थांबला. जिममध्ये आम्ही थोडेच उरलो होतो.

टॅक्सीत तिने टोपी काढली. केस घामाने चिकटले होते. ती मांडीवर टोपीची घडी घालायला लागली. मग मराठीत म्हणाली, "चिपळूणला टीव्हीवर कुवेत दाखवतात?"

"दाखवतील. आता सगळीकडे दाखवतील."

"पण आपली बिल्डिंग नाही ना दाखवणार?"

"नाही."

"मग मला कसं कळणार तू आहेस की नाहीस?"

मी म्हटलं, "मी फोन करीन."

"लाइन नाही लागली तर?"

'काळजी करू नकोस' असं मी म्हणणार होते. पण तोंडातून निघालं नाही. कारण हाच प्रश्न पूर्वी माझा स्वतःचा विचारून झाला होता.

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा माझा नवरा इथे होता आणि मी चिपळूणला सासूबाईंजवळ. लग्न नुकतं झालेलं. फोन बंद. पत्र नाही. आळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघी जाऊन बसायचो. पडद्यावर वाळवंट आणि गर्दी दिसायची आणि सासूबाई प्रत्येक चेहरा पाहायच्या. रोज संध्याकाळी त्या जेवणाचं त्याचं पान मांडायच्या, आणि रोज उचलून ठेवायच्या. मी त्यांना कधी थांबवलं नाही. कोणी येऊन म्हणायचं, छावणीत आहेत म्हणे सगळे, कोणी म्हणायचं, बस उलटली. तो जॉर्डनमार्गे मुंबईत उतरला आणि तिथून त्याने शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला, तोवर आम्हाला काहीही माहीत नव्हतं. ही गोष्ट आमच्या घरात नेहमी त्याच्या बाजूने सांगितली जाते: बसचा प्रवास, पाण्यासाठीची रांग, तंबू. आमच्या बाजूने सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आम्ही नुसत्या बसलो होतो.

त्या बुधवारी संध्याकाळी नवरा प्लान्टवरून आला. मी चहा दिला आणि सांगितलं, "तिला नको पाठवायला."

"डोकं फिरलं का तुझं? बॅग भरली."

"भरलेली रिकामी करता येते."

"अगं, मी बघितलंय ते. तेव्हा लोक म्हणत होते, काही होत नाही, थांबू. जे थांबले त्यांचे काय हाल झाले ठाऊक आहे तुला? तिच्या नखाला धक्का लागला तर मी..." तो थांबला. कप बशीत वाजला.

"मलाही तीच भीती आहे."

"मग?"

"अहो, तेव्हा तुम्ही तिकडे होतात. तुम्हाला निदान एवढं ठाऊक होतं की तुम्ही जिवंत आहात. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. ती तिकडे जाऊन तसं बसणार. दहा वर्षांची पोर. तुमच्या आईंनी कसं काढलं ते मी पाहिलंय, तुम्ही नाही."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आई कधी बोलली नाही काही."

"तुम्ही विचारलं नाही."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काही झालं तर आपण तिघं एका ठिकाणी असू. मी ड्यूटीवर असेन तेव्हा तुम्ही दोघं. याहून चांगलं माझ्याकडे काही नाही."

ही काही मोठी युक्तिवादाची जीत नव्हती. तो पटून गप्प बसला की दमून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी बरोबर केलं की चूक, तेही. क्षेपणास्त्र आमच्या इमारतीवर पडलं असतं तर हे सगळं शहाणपण कुठे गेलं असतं, हे मला कळतं. त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री मी तेवढाच हिशेब पुन्हापुन्हा मांडत होते.

गुरुवारी फिटर एकटा निघाला. "सीट रिकामी? झकास. पाय पसरून जातो," तो म्हणाला. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, नेहमीच्या थट्टेशिवाय, माझ्याकडे वळला: "वैनी, तुम्ही जपून हां." त्याच्या तोंडी तो सूर मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. शाळा बंद झाल्या होत्या. पहिला खरा सायरन झाला तेव्हा दुपार होती आणि मी वॉर्डात होते. आम्ही पेशंटना खिडक्यांपासून आत ओढलं, ऑक्सिजनची जोडणी तपासली, ओले टॉवेल वाटले. सगळं ठरल्याप्रमाणे. हातातलं काम संपताच मी नर्सेसच्या टेबलावरचा फोन उचलून घरी लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. नवरा त्या दिवशी घरी होता, ती त्याच्याजवळ होती, खोली बंद होती, हे सगळं मला माहीत होतं. मी लावतच राहिले. आकडा फिरवायचा, तो तुटक आवाज ऐकायचा, ठेवायचा, पुन्हा. शेजारची फिलिपिनो नर्स म्हणाली, "सिस्टर, थोडं थांबा ना." मी तिच्यावर ओरडले.

तेवढ्यात एका पेशंटने उलटी केली आणि मला जावंच लागलं. फोन ठेवला आणि मी दोन पावलं गेले असेन, तोच तो वाजला.

"आई! किती वेळ झाला, तुझा फोन एंगेज येतोय!"

"अगं, मी तुलाच लावत होते."

"मी तुला लावत होते!"

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "सांग तिला, आपण ठीक आहोत." ती म्हणाली, "आम्ही ठीक आहोत. तू?"

"ठीक."

मग तिने, अगदी माझ्या सुरात, पुढचं ठरवून टाकलं. "असं नको करायला. सायरन झाला की तू फोन नाही लावायचा. मी लावणार. तुझं काम झालं की तू फक्त फोनजवळ थांबायचं."

"बरं," मी म्हटलं.

त्यानंतर सायरन पुष्कळ झाले. दर वेळी पेशंट आत घेऊन झाले की मी टेबलापाशी येऊन उभी राहायचे. फोनला हात लावायचा नाही, हे पाळणं मला त्या सगळ्या दिवसांत सर्वांत जड गेलं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे आणि फोन वाजेपर्यंत ऐकत राहायचे.